पेशंटनं हातानं केलेली वस्तू घ्यावी का? आणि माझ्याकडच्या लाकडी बैलाबद्दल

ग्रामीण रुग्णालयात दुसरंच वर्ष असलेल्या एका ज्युनिअर फिजिओथेरपिस्ट मुलीनं विचारलंय. लकव्यातून बऱ्या झालेल्या एका बाईंनी त्याच हातानं कापडावर पोपट भरला, फ्रेम करून आणून दिला, तो घ्यावा का? घेतला तर बाईंचं नाव आणि आधीच्या-नंतरच्या हाताचे फोटो लावून ओपीडीत टांगावा का, म्हंजे बाकीच्यांना हुरूप येईल? आणि जाता जाता असंही विचारलंय की तुम्हाला मिळालेली अशी सगळ्यात मोलाची वस्तू कोणती.

घे. फोटो मात्र लावू नको. इथंच थांबले असते तरी चाललं असतं, पण फोटो का नको हे मी स्वतः एकदा चुकून शिकलेय आणि त्या चुकीचा भुर्दंड माझ्याऐवजी दुसऱ्याच माणसाला पडला, त्यामुळे सगळं सांगते, वेळ असेल तर वाच.

मी पूर्व विदर्भात तेवीस वर्षं हे काम करतेय, त्यातली बरीचशी कुष्ठरोगाच्या पेशंटसोबत. आपल्याकडं हा विषय नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभं केलं, अमरावतीला तपोवन आहे. इतकी मोठी माणसं इथं राबून गेली तरी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आजही नवे पेशंट सापडतात. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारी एकच्या खाली प्रमाण आलं आणि लोकांना वाटलं की रोग संपला. रोग संपला नाही, त्याच्या बातम्या संपल्या.

आधी भेटवस्तूंचं उरकून टाकते. पैसे कधीच नाही, पाकिटात घालून दिले तरी नाही. खायची वस्तू आली, नवा तांदूळ, सीताफळं, जवसाची चटणी, एकदा तर जिवंत कोंबडी, तर ती स्टाफमध्ये वाटून खायची, कोंबडी परत दिली कारण ती ओपीडीभर पळत होती. उपचार चालू असताना काहीच घ्यायचं नाही, कारण तेव्हा पेशंटच्या मनात असतं की नाही दिलं तर मॅडम नीट बघणार नाहीत. उपचार संपल्यावर हातानं केलेलं काही आणलं तर घ्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, आणि नीट बघायचं. तू सरकारी नोकरीत आहेस म्हणून आपल्या एमओंच्या, म्हंजे मेडिकल ऑफिसरांच्या, कानावर घालून ठेव, म्हंजे उद्या कोणी बोट दाखवणार नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००९ मध्ये भेटवस्तूंचं जे कलम आलं ते औषध कंपन्यांच्या भेटींबद्दल आहे, पोपटाबद्दल नाही. आणि नाकारू नको गं. ज्या बाईनं सहा महिने तुझ्याकडून फक्त घेतलंय, तिला एकदा तरी देणारी होऊ दे की.

आता बैल.

माझ्या घरी टीव्हीच्या बाजूला एक लाकडी बैल आहे, दीड वीत लांब असेल, शिवणीच्या लाकडाचा, चार चाकांच्या पाटीवर उभा. तान्ह्या पोळ्याचा बैल. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लहान लेकरांचा पोळा भरतो, लेकरं लाकडाचे बैल सजवून दोरी बांधून ओढत नेतात, मग घरोघरी फिरतात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा देतात, म्हंजे पाच-दहा रुपये. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, १८०६ मध्ये दुसऱ्या रघुजींनी सुरू केला असं सांगतात. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तर इतका मोठा असतो की बैल माणसाहून उंच, लेकरू ओढणार कुठलं, बापच ओढतो. पण खेड्यातला बैल लहान असतो आणि तो गावचा वाढई, म्हंजे सुतार, करतो. पोळ्याच्या आधीचा दीड महिना हा त्याचा सीझन.

तर हा माणूस वाढई. गाव-तालुका सांगणार नाही, दोन-चार तपशीलही बदललेत. का ते पुढं कळेलच.

२०१३ च्या उन्हाळ्यात आशाताई त्याला घेऊन आली. पाठीवर चट्टे होते, त्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो आला होता वेगळ्याच तक्रारीनं, डाव्या हातातून पटाशी सुटते. हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि बघितलं तर करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट आत वळलेली, पंजाचा आकार आलेला. कोपर कुठं आपटलं की झिणझिण्या करंगळीपर्यंत जातात ना, तीच नस, अल्नर, कोपराजवळ दोरीसारखी जाड लागत होती. वर्षभरापूर्वी हात दुखत होता तेव्हा कोणीतरी वात आहे म्हणून मलम दिलं होतं. तेव्हाच आला असता तर प्रेडनिसोलोनवर बरीचशी ताकद वाचली असती. नसेची सूज नवीन असेपर्यंत स्टेरॉइडचा उपयोग होतो, जुनी झाली की राहिलं. हे प्रत्येक ज्युनिअरला मी सांगते आणि इथं परत सांगते, चट्टा बघून घरी पाठवू नका, नस दाबून बघा, बॉलपेननं बोटांची संवेदना तपासा, पाच मिनिटं लागतात.

एमडीटीची, म्हंजे कुष्ठरोगावरच्या एकत्र औषधांची, बारा पाकिटं सुरू झाली. पहिल्या डोसनंतर दुसऱ्याच दिवशी सायकल मारत हजर, लघवी लाल झाली म्हणून घाबरला होता, ते रिफाम्पिसिननं होतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग क्लोफाझिमीननं अंग काळपट झालं, बायकोनं विचारलं उन्हात काहून फिरता. बारा महिने पूर्ण केले त्यानं, एकही पाकीट चुकलं नाही. जंतू संपले. बोटं मात्र तशीच. हे लोकांना कळत नाही की औषधानं रोग जातो, मेलेली नस परत येत नाही, वाकडं बोट औषधानं सरळ होत नाही. त्याच्यासाठी ऑपरेशन असतं, धडधाकट स्नायूची दोरी दुसरीकडं नेऊन बांधतात. त्याच्या केसमध्ये मधल्या बोटाची एक दोरी घेऊन बोटांच्या बुडाशी फासासारखी अडकवायची होती, लासो म्हणतात त्याला. पण सर्जन लगेच हात लावत नाहीत. रिअॅक्शन (म्हंजे नसांना, चट्ट्यांना मधेच येणारी सूज) शांत होऊन सहा महिने झाले पाहिजेत, हातावर जखम नको, आणि बोटांचे सांधे मऊ पाहिजेत. त्याचं करंगळीचं मधलं पेर आखडलेलं, तीस अंशाच्या आसपास. ते मोकळं करणं माझं काम.

ते काम किती कंटाळवाणं असतं तुला माहीत आहे. हात वीस मिनिटं पाण्यात भिजवा, ओला असतानाच तेल लावा, दुसऱ्या हातानं बोट सरळ करत न्या, धरा, सोडा, परत. मग मऊ मातीचा गोळा देऊन दाबायला लावायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यानं गोळा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मी का लेकरू आहो जी, माती खेळाले?"

मला वाटलं बरोबर बोलतोय हा माणूस. आणि मी उत्साहात म्हटलं, मग तुमची हत्यारं आणा, इथंच काम करा, हाताला व्यायाम होईल. ट्रेनिंगमध्ये शिकवतात ना, व्यायाम पेशंटच्या कामाशी जोडा म्हणून. पुढच्या फेरीला तो पिशवीत वासला, दोन पटाश्या, कानस आणि शिवणीचा एक ओंडका घेऊन आला. विहिरीकडच्या व्हरांड्यात बसायचा आणि तासायचा. ओपीडीतले बाकीचे पेशंट भोवती जमायचे, मजा यायची, मीसुद्धा रजिस्टर सोडून बघत उभी राहायचे. बैलाचा मागचा भाग त्यानं आधी घेतला, पुठ्ठा, शेपटीची जागा, मागचे पाय.

चौथ्या-पाचव्या दिवशी लाकडावर लाल डाग दिसला. त्याला वाटलं लाकडातून रस आला. पटाशी सरकून डाव्या करंगळीच्या बाजूला घुसली होती, चांगली अर्धा इंच, आणि त्याला कळलंच नव्हतं. त्या बाजूला संवेदनाच नव्हती ना. तो शांतपणे लाकूड पुसत होता आणि रक्त हातातून येत होतं.

चूक माझी. मी हत्यारं आणा म्हटलं पण आधी ज्या हाताला दुखत नाही त्या हातानं धारदार हत्यार कसं धरायचं, डोळ्यानं कसं राखायचं, लाकूड हातात न धरता शिकंज्यात कसं अडकवायचं, हे शिकवलं नव्हतं. क्रम उलटा झाला. जखम भरायला सहा आठवडे लागले, ऑपरेशनचा कॅम्प हुकला, पुढचा कॅम्प जवळजवळ वर्षानं. ते वर्ष त्यानं पंचा बांधून ओढग्रस्तीत काढलं, दारं-चौकटी सोडून दिल्या, तिफणीच्या दुरुस्त्या तेवढ्या केल्या. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मधल्या काळात आम्ही पटाशीच्या मुठी जाड केल्या. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, वरून एम-सील लावून त्याच्याच पकडीचा ठसा घेतला, सुकल्यावर कानशीनं घासला. हे फार स्वस्तातलं आणि फार कामाचं तंत्र आहे, विळा, पोळपाट-लाटणं, चमचा, कशालाही करता येतं, करून बघ. शेवटी २०१६ च्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. तीन आठवडे प्लास्टर. मजुरी बुडते म्हणून शासनाचे ८००० रुपये मिळायचे तेव्हा, ते त्यानं प्लास्टरमध्ये असतानाच बियाण्याला ठेवून दिले.

प्लास्टर निघाल्यावरचे चार आठवडे हे खरं आपलं काम, सर्जनचं नाही. दोरी नवीन ठिकाणी बांधलीय पण मेंदूला अजून पत्ता माहीत नाही. मधलं बोट वाकवायचा विचार करायला सांगायचा आणि त्या विचारानं बाकीची बोटं बुडातून वाकायला पाहिजेत. पहिले दोन दिवस काहीच होत नाही, पेशंटचं तोंड पडतं. तिसऱ्या दिवशी त्याची बोटं बुडातून अशी हलली, अगदी थोडी, आणि तो आपल्याच हाताकडं बघत म्हणाला, "हे कोन हलवून राह्यलं?" ते वाक्य आम्ही डिपार्टमेंटला अजून म्हणतो.

तीन महिने जड काम बंद ठेवलं. मग तो परत व्हरांड्यात बसला, आता शिकंजा घेऊन, जाड मुठीची पटाशी घेऊन. बैलाचा पुढचा भाग तेव्हाचा. वशिंड, गळ्याखालची पोळी, तोंड, नाकपुड्या, वेसणीचं भोकसुद्धा. पोळीच्या सुरकुत्या बघितल्यास ना तर वाटतं बैलानं आत्ता मान वळवली. शिंगं वेगळ्या लाकडाची करून खाचेत बसवली, जोड शोधून सापडत नाही. आणि मागचा भाग? तो तसाच. वासल्याचे घाव उड्या मारत गेलेले, पटाशी घसरल्याचे ओरखडे, एक मागचा पाय दुसऱ्यापेक्षा जाड, आणि डाव्या पुठ्ठ्यावर तो डाग, आता चहासारखा तपकिरी.

१ सप्टेंबर २०१६ ला पोळा होता. आदल्या दिवशी तो बैल आणून त्यानं माझ्या टेबलावर ठेवला, रजिस्टर बाजूला सारून. रंग दिला नव्हता, नुसतं जवसाचं तेल चोळलं होतं. "ठेवून घ्या जी, मॅडम," एवढंच.

मी भारावून गेले हे सांगायला नको. मी गोनिओमीटर, म्हंजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून अंश मोजत होते, रजिस्टरात आकडे भरत होते, आणि या माणसानं तीन वर्षांचा सगळा चार्ट लाकडात काढून दिला होता! मागून पुढं बोट फिरवत नेलं की हात कसा सुधारत गेला ते कळतं. ओरखडे, डाग, मग हळूहळू गुळगुळीत, मग सुरकुत्या. मी ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये सांगायला लागले, लोकांचे डोळे पाणवायचे. मी म्हणायचे, बघा, त्यानं मुद्दाम मागचा भाग घासला नाही, आपला प्रवास त्यानं जपून ठेवला.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता पुढचं.

३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन असतो, २०१७ पासून त्याला जोडून स्पर्श नावाचं कुष्ठरोग जनजागृतीचं अभियान सुरू झालं. त्या वर्षी आम्ही छोटं प्रदर्शन लावलं आणि मी बैल मधोमध ठेवला. बाजूला कार्ड, त्यावर आधीचा हात, नंतरचा हात, आणि खाली माझ्या हस्ताक्षरात चार ओळी. नाव नव्हतं लिहिलं, तेवढी अक्कल होती. पण गावाचं नाव लिहिलं आणि 'वाढई' लिहिलं. गाव दोनशे घरांचं. वाढई एक.

परवानगी घेतली होती का? घेतली होती. त्याला विचारलं होतं की बैल आणि फोटो लावू का, तो म्हणाला "लावा जी." पण हाच मुद्दा आहे. ज्यानं आपल्याला भेट दिली तो माणूस आपल्याला नाही कसा म्हणेल? त्या घडीला मी त्याच्याकडं सही मागितली असती तर त्यानं कोऱ्या कागदावर दिली असती. त्याला संमती म्हणत नाहीत, तो उपकाराचा भार असतो. आणि कार्डावर नेमकं काय लिहिणार हे मी त्याला वाचून दाखवलं नव्हतंच.

प्रदर्शन आठवडाभर होतं. फोटो कोणीतरी मोबाइलमध्ये काढला आणि तो फिरला.

मला कळलं ते ऑगस्टमध्ये, पोळा जवळ आल्यावर, तेही आशाताईकडून. दरवर्षी त्याचे चाळीस-पन्नास बैल जायचे, आसपासच्या तीन-चार गावांतून ऑर्डरी यायच्या. त्या वर्षी पंचवीस केले आणि त्यातलेही बरेच घरातच. बायका म्हणत होत्या की लेकराच्या हाती देऊ नये, लेकरू बैल तोंडात घालते. लाकडातून कुष्ठरोग होतो? नाही होत. औषध सुरू झालं की काही दिवसांतच पसरण्याचा धोका जातो, आणि या माणसाची औषधं संपून तीन वर्षं झाली होती. जगातल्या बहुतेक माणसांना तर जंतू अंगात गेला तरी रोग होत नाही, शरीरच निपटून टाकतं. पण हे मला माहीत आहे, त्या बाईला माहीत नाही, आणि भीती ही आपली ओपीडी बघून ठरत नाही. आनंदवनातली भाजी सुरुवातीला वरोऱ्याच्या बाजारात लोक घेत नव्हते, ही गोष्ट आम्ही सगळे भाषणात सांगतो. भाषण देणारी मीच आणि साठ-सत्तर वर्षांनी तेच करून ठेवणारी पण मीच.

वाईट याचं वाटलं की चार वर्षं त्या माणसानं ते लपवून नेलं होतं. हात मशिनीत गेला होता असं गावात सांगितलं होतं. नातीचं लग्न ठरायचं होतं. मी एका कार्डानं ते सगळं उघडं पाडलं, तेही कौतुक करायच्या नादात.

मी त्याच्या घरी गेले. गाडी गावाबाहेर ठेवून चालत गेले, तेवढं तरी सुचलं. त्याच्या बायकोनं चहा दिला, तो पावसाबद्दल बोलत राहिला, रोवणा यंदा उशिरा लागला, विहिरीचं पाणी असं, धानाला भाव तसा. ओट्यावर पोत्यावर बैल रांगेत उभे होते, पिवळा आणि लाल रंग दिलेले, डोळे काढलेले. मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी चांगल्यासाठी केलं जी." माझ्या मनाला ते वाक्य जास्त लागलं.

मग मी म्हटलं, मी गावात सभा घेते, लोकांना समजावून सांगते की हा रोग असा पसरत नाही. त्यानं हातातला कप खाली ठेवला. "नोका येऊ, मॅडम. तुमी आल्या का पुन्हा सारे इचारते. लोक इसरते, त्याईले इसरू द्या."

मग मी म्हटलं, बरं, हे बैल मी घेते, दहा-बारा द्या, आमच्या स्टाफच्या लेकरांना होतील. त्यावर तो पहिल्यांदा हसला. "तुमच्या घरी लेकरं किती हायेत?" म्हटलं एक माझा, एक दिराची. "मंग दोन घेऊन जा."

दोनच दिले. पूर्ण पैसे घेतले.

गावात मी गेले नाही. पण त्या वर्षापासून आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्याच शाळांमध्ये आम्ही पोळ्याच्या आधी जातो, कोणा एका गावाचं नाव न घेता, आणि हा रोग कशानं होत नाही तेवढंच सांगतो, कशानं होतो हे नंतर. भांडं, कपडे, खेळणं, हात मिळवणं. लेकरं घरी जाऊन आयांना सांगतात, ते आपल्या पोस्टरपेक्षा बरं पोचतं. दोन वर्षांत त्याच्या ऑर्डरी परत चाळिसावर आल्या, शाळेमुळं की लोक विसरले म्हणून, सांगता येत नाही. मला वाटतं त्याचंच बरोबर होतं, लोक विसरले.

बैल मी घरी आणला. कार्ड फाडलं. आता घरी कोणी विचारलं तर सांगते अमुक एका वाढयानं केलाय, फार छान कारागीर आहे, बस. पेशंट हा शब्द काढत नाही.

आणि एक राहिलंच. ते मागचा भाग मुद्दाम न घासण्याचं. पुढं एकदा तो ओपीडीत बोटाचा चेकअप करायला आला होता तेव्हा मी धीर करून विचारलं, मागचं तसंच का ठेवलं हो? मला वाटलं होतं काहीतरी खोल बोलेल. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं एखाद्या शहरी माणसाकडं बघतात. "थो एक पाय आधीच बारीक झाला होता ना जी. अजून घासला असता तं तुटला असता. लाकूडच तेवढं होतं." म्हंजे जाड पाय मुद्दाम जाड नव्हता, तो बरोबर होता, दुसराच चुकून बारीक झाला होता! दोन वर्षं मी लोकांना रडवत होते त्या पायावरून. आणि डाग? "थो निघतच नाई, मी दोनदा घासला."

तर तुझ्या पोपटाबद्दल. तू लिहिलंयस की चोच जरा वाकडी भरलीय आणि त्यातून बाईंची झुंज दिसते. असेल. पण आधी बाईंना विचार की टाका कोणता आहे, दोरा कुठून आणला, लकव्याआधी काय काय भरायच्या. कदाचित त्यांची चोच आधीपासूनच वाकडी येत असेल. फ्रेम ओपीडीत लाव, खाली लिहायचंच असेल तर 'भरतकाम' आणि त्यांना चालत असेल तर त्यांचं नाव, एवढंच. आजार नाही, हाताचा फोटो नाही, तारीख नाही. आणि आज त्या हो म्हणाल्या तरी तीन-चार महिन्यांनी, फॉलोअप संपल्यावर, त्या बाजारात वगैरे भेटल्या की परत विचार. तेव्हाचं हो खरं. लकव्याला कुष्ठरोगासारखी भीती नाही हे मान्य, पण त्यांची सून कामावर कोणाकडं जाते, शेत कोण करतं, अपंगत्वाच्या दाखल्याचं काही चालू आहे का, हे तुला माहीत नाही. मलाही त्या वाढयाच्या नातीचं माहीत नव्हतं. ट्रेनिंगला केस सांगायची असेल तर खुशाल सांग, गाव आणि धंदा बदलून सांग. मी आत्ता तेच केलंय. तो वाढई आहे हे तेवढं खरं ठेवलं, कारण त्याशिवाय बैलाला अर्थ नाही, आणि आता वाढई बरेच आहेत, गावं त्याहून जास्त.

२०१९ च्या तान्ह्या पोळ्याला शेजारची मुलगी माझा बैल मागायला आली, तिचा प्लास्टिकचा होता आणि तिला लाकडाचा पाहिजे होता. मी जरा का-कू केलं, मग दिला, बैल कपाटात ठेवायला थोडाच केलाय. ती दिवसभर ओढत फिरली, बाशिंग बांधून, पंधरा-वीस घरी जाऊन एकशे तीस रुपये बोजारा गोळा केला आणि संध्याकाळी तोंड पाडून आली. नालीत पडून मागचं एक चाक फुटलं होतं आणि आस वाकली होती.

पुढच्या रविवारी मी तो घेऊन त्याच्याकडं गेले. या वेळी गाडी सरळ दारापर्यंत नेली, कारण आता मी गिऱ्हाईक होते. त्यानं बैल उलटा करून मांडीवर घेतला, डाव्या हातानं धरला, चारही बोटं नीट बसली होती पाटीवर, माझी नजर गेलीच तिकडं, सवयच आहे. जुनं चाक ठोकून काढलं, नवं बसवलं, दुसऱ्या तीन चाकांना तेल सोडलं, जमिनीवर ठेवून दोन हात ढकलून बघितला. "आता नालीत नेसान तं भरोसा नाई," म्हणाला.

किती झाले विचारलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला साठ. मी शंभराची नोट दिली, त्यानं आत जाऊन चाळीस रुपये सुटे आणून दिले.